इवायाच्या थपडेची डीव्हीडी

माझा पिक्चर आजपर्यंत एकाच माणसानं पूर्ण पाहिला आहे, आणि तो त्यातला चोर आहे. म्हणजे माझे बाबा.

गैरसमज नको. बाबा आमगावजवळच्या आमच्या खेड्यात धान पिकवतात आणि गावात त्यांना मान आहे. चोर त्यांना मी केलं. आमगावात माझा फोटो स्टुडिओ आहे आणि लगनसराईत मी लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करतो. वर्षानुवर्षं लोकांच्या नवरदेवांना घोडीवर चढताना (आणि पडताना) टिपल्यावर मला वाटू लागलं, की एकदा तरी असं काहीतरी काढावं ज्यात शेवटी बाई रडणार नाही. शेवटी बाई रडलीच. माझीच.

पिक्चरचं नाव होतं 'एका दाव्याचे दोघं'. गोष्ट सोपी होती. एक कडक हवालदार एका भुरट्या चोराला पकडतो. बेड्या हरवलेल्या असतात, म्हणून बैल बांधायच्या दाव्याचं एक टोक चोराच्या कमरेला आणि दुसरं स्वतःच्या कमरेला बांधतो. मग दोघं मिळून जंगलात देवळाची घंटा चोरणाऱ्या मोठ्या चोराला शोधत फिरतात. सगळी गंमत त्या दोघांच्या न पटण्यात! कथा मी, दिग्दर्शन मी, कॅमेरा मी, आणि माणसं कमी पडल्यामुळे मोठा चोरही मीच. (पाहणाऱ्यांना यातला शेवटचा भाग लगेच पटला.)

चांगले नट मिळेनात. झाडीपट्टीतले नाटकवाले हंगामात मोकळे नसतात, आणि मोकळे असतात तेव्हा त्यांना धान रोवायचं असतं. तेव्हा एकदम डोळ्यांसमोर आलं, की अजिबात न पटणारी जोडी तर माझ्या घरातच आहे. माझे बाबा आणि माझे सासरे! एकमेकांचे व्याही, आमच्याकडच्या भाषेत इवाई.

बाबा देहानं पोत्यासारखे भरलेले आणि तोंडानं फाटलेले. बोलणं, हसणं, थट्टा, सगळं वेशीपर्यंत ऐकू जाणारं. सासरे म्हणजे मामाजी दरेकशाचे. सगळी नोकरी जंगलात वनरक्षक म्हणून काढलेली, अंगानं काडी, आणि तोंडातून शब्द निघाला तर झाडावरचं पाखरूसुद्धा वळून पाहील. माझ्या लग्नात इवाईभेटीच्या वेळी बाबांनी मामाजींना मिठी मारली आणि उत्साहाच्या भरात उचललं. मामाजींचे पाय जमिनीपासून सुटले, टोपी पडली, मंडप हसला. मामाजी खाली आले, टोपी झटकली, हात जोडले आणि म्हणाले, "बरं जी, इवाई."

तेव्हापासून ते बाबांसमोर फक्त हातच जोडायचे. बाबांनी जर्दा पुढे केला, हात जोडले. बाबांनी विनोद केला, हात जोडले. मुलीच्या बापानं वरबापासमोर खाटेवर बसायचं नाही, त्याच्या घरचं पाणी प्यायचं नाही, त्याला उलट बोलायचं नाही, हे सगळे जुने नियम आमच्याकडे लोकांनी केव्हाच मोडीत काढले होते. मामाजींनी ते उचलून अंगावर चढवले. बाबा मला वैतागून विचारायचे, "हा मानूस मले देव समजून राहिला का दगड? काऊन बोलत नाई बे हा माह्याशी?"

म्हणून माझी बायको रेखा पिक्चरला लगेच तयार झाली. "अजी, एका दाव्याले बांधले तं बोलतील तरी!" असं तिनंच म्हटलं होतं. तिला पिक्चरशी देणंघेणं नव्हतं. आपल्या बापाचं आणि सासऱ्याचं एकदा जुळावं, एवढंच तिला हवं होतं.

जावयाचा शब्द मोडायचा नाही, म्हणून मामाजी हवालदार झाले. इवाई तयार झाला आणि आपण नाही म्हटलं तर बरं दिसणार नाही, म्हणून बाबा चोर झाले. इथपर्यंत सगळं झकास होतं.

पहिल्याच दिवशी झकास संपलं. प्रसंग असा, की हवालदार चोराला ठाण्यात आणून दरडावतो, 'बस बे खाली, चोट्ट्या!' मी म्हटलं, "ॲक्शन!" मामाजी खाकी कपड्यांत ताठ उभे राहिले, डोळे वटारले आणि म्हणाले, "बसा जी, इवाई."

"मामाजी, तो चोर आहे," मी म्हणालो.

"चोर पिक्चरमधी आहे, जवाईबापू. इवाई घरी गेल्यावरबी राहतेच ना?"

बाबा खाटेवर बसले. झालं! मामाजी पटकन जमिनीवर बसले. कॅमेऱ्यात दिसत होतं ते असं, की चोर खाटेवर मांडी ठोकून बसला आहे आणि कायदा त्याच्या पायाशी उकिडवा बसून त्याला 'तुमचं नाव काय जी' असं विचारतो आहे. मी खाट काढून टाकली. तर मामाजींनी बाबांच्या खाली टाकायला आपला खांद्यावरचा दुपट्टा काढला. चहाच्या प्रसंगात चोरानं हवालदाराच्या कपातला चहा ढापायचा होता. मामाजींनी स्वतःच कप बाबांपुढे सरकवला. आमच्या घरचं पाणी चालत नाही म्हणून त्यांनी दरेकशाहून स्वतःची बाटली आणली होती, ती मात्र तीन तास तोंडाला लागली नाही, कारण इवाई तहानलेले असताना आपण कसं प्यायचं!

बाबांचा पारा चढत चालला. "अरे, हा पोलीस आहे का चपराशी? सलाम करून राहिला मले!" पण त्यांनी काम सोडलं नाही. उलट दाव्याला बांधून जंगलात चालताना ते मामाजींना सारखं छेडत. हे झाड कोणतं, तो पक्षी कोणता, असं विचारत. मामाजी नाव सांगत आणि 'जी' जोडत. एकदा मी कॅमेऱ्यामागून पाहिलं, मामाजींच्या ओठाचा कोपरा किंचित हलला होता. रेखाला सांगितलं तर ती डबा भरता भरता थांबली आणि म्हणाली, "खरंच? हासले माहे बाबा?"

मग थपडेचा दिवस आला.

शूटिंग दरेकशाच्या जंगलात होतं. कचारगडच्या यात्रेमुळे पॅसेंजरला खच्चून गर्दी. आम्ही बापलेक आणि कॅमेरा कसेबसे दारात उभे राहून गेलो. रेखा माहेरीच होती, ती जेवण घेऊन मामाजींबरोबर जंगलात आली. प्रसंग असा होता, की चोर हवालदाराला फसवून पळू पाहतो आणि हवालदार त्याच्या कानाखाली एक ठेवून देतो. थप्पड खोटीच. हात गालापाशी न्यायचा, बाबांनी मान फिरवायची, आवाज मी नंतर टाकणार.

मामाजींनी हात उचलला. तो हात वरच्या वर दुसऱ्या हाताला जाऊन मिळाला आणि नमस्कार झाला.

"माफ करा जी, इवाई."

पुन्हा घेतलं. पुन्हा नमस्कार! मी समजावलं, रेखानं समजावलं, "बाबा, खोटं खोटं मारा ना जी." हात वर जायचा आणि जोडून खाली यायचा. उन्हं कलायला लागली. मी कॅमेरा स्टँडवर पक्का केला, चालू केला आणि म्हटलं आता जे होईल ते होईल.

तेवढ्यात बाबांची जीभ सुटली. "मारा ना जी गार्डसाहेब! सारी जिंदगी जंगलात काढली, एका तरी लाकूडचोराले मारलं का? का त्याइलेबी हातच जोडले? म्हनूनच तं जंगल साफ झालं!"

ती थट्टा होती. बाबांची नेहमीचीच. पण ते जंगल मामाजींनी आयुष्यभर राखलं होतं आणि एकदा ते लाकूडचोरांच्या हातून मरता मरता वाचले होते, हे रेखाला माहीत होतं आणि बाबांना माहीत नव्हतं.

थप्पड बसली. खोटी नव्हती. सागाची वाळली फांदी मोडावी तसा आवाज झाला.

मी "कट!" असं ओरडलो. का ओरडलो कोण जाणे, कापायला काही उरलंच नव्हतं. बाबांचा गाल लाल, डोळे मोठे. ते एक अक्षर बोलले नाहीत, आणि माझ्या बाबांनी न बोलणं ही आमच्या घरात आलेली पहिलीच मोठी आपत्ती होती. ते गर्रकन वळले आणि तडक चालू लागले.

पण दावं होतं ना! चार पावलांवर दावं ताणलं आणि मामाजी मागून ओढले गेले. बाबा जोरात चालले तर मामाजी धावत मागे. बाबा थांबले तर मामाजी थांबले. ज्याच्यावर रागावून निघायचं तो कमरेला बांधलेला! "सोड बे हे!" बाबा गरजले. मी धावलो. पण गाठ मी शेतकऱ्याच्या पोराची अक्कल लावून बैलाची मारली होती आणि ओढल्यानं ती आणखी आवळली होती. ती सुटेपर्यंत दोघं इवाई एकमेकांकडे पाठ करून, दाव्याच्या दोन टोकांना, दोन दिशांना पाहत उभे राहिले. मी मध्ये बसून दातांनी गाठ सोडत होतो आणि रेखा डबा हातात धरून रडत होती.

गाठ सुटली तसे बाबा निघाले ते थेट स्टेशन. एक चप्पल धुळीत राहिली तरी मागे वळले नाहीत. मी आणि रेखा त्यांच्यामागे धावलो. एका पायात चप्पल आणि एक पाय अनवाणी, असे ते गाडीत चढले आणि आमगाव येईस्तोवर एकच वाक्य बोलले. "आता त्याच्या दारचं पानीबी नाई पेनार मी."

घरी आल्यावर रेखा मला म्हणाली, "तुमच्या पिक्चरपाई माहं माहेर गेलं." उत्तर मी पिक्चरमध्ये शोधलं. उरलेले प्रसंग मी शेजाऱ्यांना पाठमोरं उभं करून घेतले. चोराची पाठ अर्ध्या पिक्चरनंतर अचानक बारीक झाली. थपडेच्या जागी काळा पडदा टाकला. गोंदियाच्या एका टॉकीजवाल्याकडे घेऊन गेलो. त्यानं थोडा वेळ पाहिला आणि विचारलं, "भैया, इसमें हिरोईन किधर है?" मी म्हटलं, हिरोईन नाही, पण जंगल आहे. तो म्हणाला, "तो फिर जंगल में ही लगाओ."

मग मी ठरवलं, घरोघरी डीव्हीडी विकू. आता डीव्हीडी लावतं कोण, हे मला सगळ्यांनी सांगून पाहिलं. पण यूट्यूबवर फुकट दाखवायला माझं मन होईना. कलावंताचा मान असतो! स्टुडिओत डिस्क तयार केल्या, कव्हर छापलं. ठरलं, की दिवाळीनंतर गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते, पाहुणे येतात, तेव्हा विकायच्या.

पावसाळ्यात मामाजींना छातीचा दम लागला. गोंदियाच्या दवाखान्यात नेलं, परत आणलं, पुन्हा नेलं. रेखा जाऊन येऊन होती. बाबा रोज विचारत, "कसा आहे तो?" मी म्हणायचो, "चला ना भेटायला." ते म्हणायचे, "तो बोलावंल तं जाईन. मार मी खाल्ला, का त्यानं?" तिकडे मी मामाजींना म्हणायचो, की बाबांना बोलावू का. मामाजी दम खात म्हणायचे, "पोरीचा बाप आहो मी, जवाईबापू. हात उचलून बसलो. कोन्या तोंडानं बोलावू?" दोघंही एकमेकांची वाट पाहत होते आणि दोघांच्या मध्ये मी, गाठ मारण्यात पटाईत.

पोळ्याच्या आधी मामाजी गेले.

बाबा आले मयतीला. दूर मोहाच्या झाडाखाली उभे राहिले. तेरवीलाही आले. इहीनबाईंनी म्हणजे माझ्या सासूबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला, तर बाबांनी हात जोडले. ते हात जोडणं पाहून मला गलबलून आलं, कारण ते हुबेहूब मामाजींचं होतं.

मंडईत मी बांगड्यांच्या आणि फुग्यांच्या दुकानांमध्ये डीव्हीडी मांडून बसलो. खप झाला! चार-पाच शेतकऱ्यांनी उत्साहानं घेतल्या. मला भरून आलं. पुढच्या आठवड्यात शेताकडून येताना पाहिलं, तर उभ्या धानावर पोपट बसू नयेत म्हणून बांधावर दोरीला टांगून ठेवलेल्या, उन्हात चमचमत होत्या. खरं सांगायचं तर पोपट येत नव्हते. माझ्या पिक्चरला प्रेक्षकांचा एवढा स्पष्ट प्रतिसाद दुसरीकडे कुठे मिळाला नाही.

मग एका दुपारी रेखा म्हणाली, "अजी, ते लावा ना. माह्या बाबाचा आवाज ऐकाचा आहे."

मी स्टुडिओतून प्लेअर आणला. अंधार व्हावा म्हणून खिडक्यांना चादरी लावल्या. बाबा म्हणाले, "मी नाई पाहत," आणि अंगणात पाठ करून बसले. पिक्चर सुरू झाला. 'बसा जी, इवाई' हा मामाजींचा आवाज आला आणि रेखानं पदर तोंडाला लावला. ती उठून चुलीशी जाऊन बसली. ऐकायचं होतं, पाहवत नव्हतं.

अंगणातून आवाज आला, "आवाज वाढव बे." मग, "तो चहाचा आला का?" मग बाबा उंबऱ्यावर आले, मग दाराला टेकले, मग माझ्या शेजारी. स्वतःच्याच वाक्याला हसले. झाडांची नावं सांगणारे मामाजी आले तेव्हा हसणं थांबलं. चोराची पाठ बारीक झाल्यावर मला एक शिवी बसली. पिक्चर संपला. पडदा काळा झाला. मी उठलो.

पण प्लेअर बंद होईना. डिस्कवर जागा उरली होती म्हणून मी उरलेलंसुरलेलं चित्रीकरण न पाहताच मागे चिकटवून दिलं होतं. काळ्या पडद्यानंतर एकदम दरेकशाचं जंगल आलं. थप्पड आली. माझा "कट!" आला. दाव्याची ओढाताण आली, मी दातांनी गाठ सोडताना दिसलो (अभिनय माझ्या बाकी कामापेक्षा बरा होता), आणि आम्ही तिघं चौकटीबाहेर धावत गेलो. कॅमेरा बंद करायचं मी विसरलो होतो; मामाजींनी तो दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी हाती पाठवून दिला होता.

चौकटीत मामाजी एकटे उरले.

ते बराच वेळ आपल्या उजव्या हाताकडे पाहत राहिले. मग तो हात त्यांनी बाजूच्या सागाच्या खोडावर आपटला. पुन्हा आपटला. मग त्यांना धुळीत पडलेली बाबांची चप्पल दिसली. ते वाकले, चप्पल उचलली, खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि त्यानं ती पुसली. अंगठ्यापासून टाचेपर्यंत, देवाचं भांडं पुसावं तशी. मग ती दुपट्ट्यात गुंडाळली, काखेत धरली आणि रडले. आवाज नव्हता. माझा माईक तेवढा चांगला नाही.

रेखा केव्हा दारात येऊन उभी राहिली कळलं नाही. चित्र संपलं, निळा पडदा आला.

"पुन्हा लाव," बाबा म्हणाले.

मी लावलं. मग त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी फळीवरची ती एकटी चप्पल काढली, पिशवीत टाकली आणि मला म्हणाले, "चाल." आम्ही पॅसेंजरनं दरेकशाला गेलो. इहीनबाईंनी आम्हाला पाहिलं आणि काही न विचारता आत गेल्या. मामाजींच्या पेटीतून दुपट्ट्याचं गाठोडं आणलं आणि बाबांपुढे ठेवलं.

"किती खेपा घेऊन निंगाले जी," त्या म्हणाल्या. "इवायाची चप्पल कोनाच्या हातानं पाठवत नाई म्हनत. सोता नेऊन पायात घालावं लागते म्हनत. ठेशनापर्यंत जात आन् वापस येत."

बाबांनी दुपट्टा सोडला. दोन्ही चपला जमिनीवर शेजारी शेजारी ठेवल्या. एक धुळकट होती आणि एक लखलखीत. मग ते खाली, जमिनीवर बसले आणि म्हणाले, "इहीनबाई, पानी द्या जी."

घटाघट पूर्ण तांब्या प्यायले. डोळे पुसून म्हणाले, "एका टायमाले मारलं त्यानं मले. बाकी सारी जिंदगी हातच जोडले. मारल्यावर तरी म्या समजाले पाह्यजे होतं का हा आता आपला झाला म्हनून." सासूबाई रडत होत्या, मी भिंतीकडे पाहत होतो.

आता प्लेअर आमच्या घरीच असतो. धान कापून झालं, की दुपारी बाबा आपण होऊन पिक्चर लावतात, पहिल्यापासून पाहतात, काळ्या पडद्यापाशी सावरून बसतात आणि मग तो शेवटचा भाग पाहतात. रेखाही आता बाजूला बसून भाजी निवडते. परवा मी धीर करून विचारलं, "बाबा, कसा वाटला खरं सांगा, पिक्चर?"

बाबांनी रिमोट खाली ठेवला.

"तुहं सारं बेकार आहे," ते म्हणाले. "पन शेवटचं लय झकास निंगालं. ते कोनं काढलं बे?"

"कॅमेऱ्यानं," मी म्हणालो. "मी नव्हतो तिथं."

"हाव," बाबा म्हणाले, "म्हनूनच."